खाणीतला संप आणि बाहेरची रसद

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कलूसा शहराजवळ ब्रुकवूड नावाचे छोटे गाव आहे. त्या देशातल्या सर्वांत खोल कोळसा खाणींपैकी काही इथे आहेत. इथला कोळसा विजेसाठी जळत नाही. तो पोलादाच्या भट्ट्यांसाठी युरोप, आशिया आणि दक्षिण अमेरिकेत जातो. १ एप्रिल २०२१ रोजी या खाणींतले सुमारे अकराशे कामगार संपावर गेले आणि मार्च २०२३ पर्यंत बाहेरच राहिले. अलाबामाच्या इतिहासात एवढा लांबलेला संप दुसरा नाही. या काळात त्यांच्यासाठी देशभरातून पैसा आला, किराणा आला, नाताळात मुलांसाठी खेळणी आली. इतके होऊनही, ज्या करारासाठी ते बाहेर पडले होते तो पदरात न पडताच त्यांना कामावर परतावे लागले.

संपकरी खाणकामगारांच्या पाठीशी उभे राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, त्याने काय साधते आणि ते कुठे अपुरे पडते, हा प्रश्न ब्रुकवूडने पुन्हा समोर आणला. प्रश्न जुना आहे. कोलोरॅडो, यॉर्कशर, व्हर्जिनिया, मारिकाना, दल्ली राजहरा अशा ठिकाणी त्याची वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत. ती शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. बाहेरची मदत हे दान नसून वाटाघाटीतलेच एक बळ आहे. पण निव्वळ धान्य आणि पैसा यांनी कामगारांना वेळ मिळतो, करार मिळत नाही. करारासाठी त्या मदतीला मालाच्या वाटेपर्यंत, भागधारकापर्यंत आणि सरकारच्या दारापर्यंत जावे लागते.

आधी ब्रुकवूडचा करार समजून घेऊ. कराराच्या तपशिलाशिवाय संपाबद्दल बोलणे म्हणजे निव्वळ भावना होते. या खाणी पूर्वी वॉल्टर एनर्जी या कंपनीच्या होत्या. २०१५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. दिवाळखोरीच्या न्यायालयाने युनियनसोबतचा जुना करार बाजूला ठेवायला परवानगी दिली आणि कर्ज देणाऱ्या गुंतवणूक संस्थांनी वॉरियर मेट कोल ही नवी कंपनी काढून खाणी ताब्यात घेतल्या. २०१६ चा करार कामगारांनी मान खाली घालून स्वीकारला. मजुरी तासाला सुमारे ६ डॉलरनी घटली, आरोग्यविम्यातला कामगाराचा वाटा वाढला, सुट्ट्या कमी झाल्या, हजेरीचे नियम जाचक झाले. खाण वाचवायची तर आत्ता सोसा, पुढे भरून काढू, असा सूर होता. युनियनच्या हिशेबाने पाच वर्षांत कामगारांनी १.१ अब्ज डॉलरचा त्याग केला. कंपनी सावरली, भागधारकांना लाभांश मिळाला, करार संपला. नव्या करारात मात्र पाच वर्षांत मिळून तासाला दीड डॉलर वाढ देऊ केली गेली. संप सुरू झाल्यावर आठवड्याभरातच युनियनच्या नेत्यांनी हा मसुदा मतदानाला ठेवला, तेव्हा कामगारांनी तो १००६ विरुद्ध ४५ मतांनी फेटाळला. या आकड्याकडे नीट पाहावे. कामगारांना कोणीतरी भडकावले, असे प्रत्येक संपाबद्दल बोलले जाते. इथे तर नेते तडजोडीला तयार होते आणि कामगारांनीच नाही म्हटले.

याच ब्रुकवूडमध्ये २३ सप्टेंबर २००१ रोजी खाणीत स्फोट होऊन १३ कामगार मेले होते. त्यातले बहुतेक जण पहिल्या स्फोटात अडकलेल्या सोबत्याला बाहेर काढायला आत गेले होते आणि दुसऱ्या स्फोटात सापडले. खाणीतला माणूस पगाराचा प्रश्न इतक्या हट्टाने का धरतो, हे समजायला ही घटना पुरेशी आहे.

मदतीची व्यवस्था इथे चांगली उभी राहिली होती. युनायटेड माइन वर्कर्स ऑफ अमेरिका ही युनियन दर दोन आठवड्यांनी संपभत्ता देत होती. सुरुवातीला तो साधारण ६५० डॉलर होता, पुढे ८०० झाला. बायकांनी आणि निवृत्त कामगारांनी महिला आघाडीमार्फत किराण्याचे कोठार चालवले. पिठापासून बाळाच्या लंगोटापर्यंत सगळे तिथे मिळे. पहिल्या वर्षी दर आठवड्याला टॅनेहिल उद्यानात सभा होत. कंपनीत ब्लॅकरॉक या बड्या वित्तसंस्थेचा मोठा हिस्सा होता. म्हणून कामगार बसने न्यूयॉर्कला गेले आणि तिच्या दारात निदर्शने केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये युनियनचे अध्यक्ष सेसिल रॉबर्ट्स यांना तिथेच अटक झाली.

पण खाण चालूच राहिली. बदली कामगार आणले गेले, काही काळ कमी क्षमतेने उत्पादन झाले, आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर कोळशाचे भाव चढले तेव्हा कंपनीने ६४ कोटी डॉलरहून जास्त निव्वळ नफा कमावला. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने खाणीच्या फाटकांपासून ३०० यार्डांच्या आत निदर्शने करायला बंदी घातली होती. फाटकाशी उभे राहता येत नसेल तर संप लोकांना दिसतच नाही. पुढे राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या विभागीय कार्यालयाने निदर्शनांच्या काळातल्या नुकसानीपोटी युनियनकडे १.३३ कोटी डॉलर मागितले. त्यात न निघालेल्या कोळशाची किंमतही धरली होती. बऱ्याच झगड्यानंतर तो आकडा फार खाली आला. पण कोळसा निघू नये यासाठीच तर संप असतो, आणि त्याची भरपाई युनियनने द्यायची, ही मागणीच मुळात भयंकर होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये युनियनने कामावर परतण्याची बिनशर्त तयारी कळवली.

अमेरिकी कायद्याची एक बाजू इथे सांगायला हवी. १९३५ च्या कायद्याने संपाचा हक्क दिला, पण १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅके रेडिओ खटल्यात असे म्हटले की मजुरीसाठी संप करणाऱ्यांच्या जागी मालक कायमचे दुसरे कामगार घेऊ शकतो. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने एका ठिकाणच्या संपासाठी दुसऱ्या कंपनीतल्या कामगारांनी माल अडवण्यावर कडक निर्बंध आणले. म्हणजे संप करायला मुभा आहे, पण तो परिणामकारक व्हायच्या बहुतेक वाटा बंद आहेत. अशा स्थितीत बाहेरून आलेली मदत कोठारात साठत जाते आणि कोळसा फाटकातून निघत राहतो.

मग खाणकामगारांना बाहेरची मदत हवीच कशाला, असे कोणी विचारेल. आपल्याकडे हा आक्षेप फार मोठ्या माणसाने घेतला आहे. १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपात गांधीजींनी कामगारांकडून ज्या अटी मान्य करून घेतल्या, त्यात हिंसा नको, कामावर जाणाऱ्याला त्रास नको, याबरोबर भिक्षेवर अवलंबून राहायचे नाही हीही अट होती. संपाच्या काळात दुसरे प्रामाणिक काम करून पोट भरायचे. त्यांनी संपकऱ्यांना आश्रमाच्या बांधकामावर वाळू वाहायचे कामही दिले. या अटीमागचा स्वाभिमान मला मोलाचा वाटतो. परक्याच्या पैशावर चाललेला संप परक्याच्या हातात जाऊ शकतो, हा धोकाही खरा आहे.

पण अहमदाबाद हे शहर होते. खाणीच्या गावात दुसरे काम नसते. खाण शहरापासून दूर, जंगलात किंवा डोंगरात असते. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, दवाखाना कंपनीचा. संप पुकारला की पगाराबरोबर छप्परही जाते. कोलोरॅडोमध्ये सप्टेंबर १९१३ मध्ये संप सुरू झाला तेव्हा कंपन्यांनी कामगारांना कुटुंबांसह घराबाहेर काढले. त्यातली सर्वांत मोठी कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यात होती. युनियनने जमीन भाड्याने घेऊन लडलो इथे तंबूंची वसाहत उभारली. ग्रीक, इटालियन, मेक्सिकन, स्लाव्ह अशा कितीतरी भाषा बोलणारी कुटुंबे त्या हिवाळ्यात तंबूंत राहिली. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या सैनिकांनी आणि कंपनीच्या रखवालदारांनी वसाहतीवर गोळीबार केला आणि ती पेटवली. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि ११ मुले गुदमरून मेली. हा संपही मान्यता न मिळता त्या वर्षाच्या अखेरीस संपला. तंबू देणे म्हणजे काय असते, हे लडलोवरून कळते. तिथे तंबूंशिवाय संप आठवडाभरही चालला नसता, आणि मालकांनीही हल्ला तंबूंवरच केला.

रसद तोडली की संप मोडतो, हे सत्ताधाऱ्यांना कामगारांपेक्षा चांगले ठाऊक असते. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ब्रिटनमध्ये आहे. १९७२ च्या फेब्रुवारीत तिथले खाणकामगार संपावर होते. बर्मिंगहॅमच्या सॉल्टली इथल्या कोक डेपोतून ट्रक भरभरून माल जात होता आणि निदर्शने करणारे कामगार तो अडवू शकत नव्हते. १० फेब्रुवारीला शहरातल्या इंजिनिअरिंग कारखान्यांमधले हजारो कामगार काम टाकून, मोर्चा काढून डेपोपाशी आले. पोलिसांनी फाटके बंद केली. ज्यांचा पगाराच्या वादाशी काही संबंध नव्हता अशा माणसांनी एका सकाळी जे केले, ते कित्येक दिवसांच्या निधीसंकलनाने झाले नसते. खाणकामगारांना मोठी वेतनवाढ मिळाली.

हा धडा हुजूर पक्ष विसरला नाही. पक्ष विरोधात असताना निकोलस रिडली यांच्या समितीने एक टिपण तयार केले होते, ते १९७८ मध्ये फुटले. वीजकेंद्रांवर कोळशाचे साठे करा, युनियनबाहेरचे ट्रकचालक मिळवा, फिरती पोलीस दले उभारा, आणि संपकऱ्यांना सरकारकडून मिळणारा पैसा तोडून त्यांचा भार युनियनवर टाका, असे त्यात सुचवले होते. १९८४ मध्ये हे सगळे तयार होते. १९८० च्या कायद्याने संपकऱ्यांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्यातून, युनियन भत्ता देतेच असे गृहीत धरून आठवड्याला ठरावीक रक्कम कापली जाऊ लागली. युनियन भत्ता देत नव्हती, तरी कपात होत होती. म्हणजे घरातली मुले उपाशी राहिली की बाप कामावर जाईल, हा हिशेब कायद्यात लिहिलेला होता.

मार्च १९८४ मध्ये यॉर्कशरच्या कॉर्टनवूड खाणीपासून सुरू झालेला संप मार्च १९८५ पर्यंत चालला. नॅशनल कोल बोर्डाला वीस खाणी बंद करायच्या होत्या आणि वीस हजार नोकऱ्या कमी करायच्या होत्या. खरे तर हा मजुरीच्या कराराचा संप नव्हता, गाव टिकवायचा संप होता. पण मदतीच्या इतिहासात त्याच्याइतकी श्रीमंत उदाहरणे कुठे सापडत नाहीत, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबतो.

खाणींच्या गावांत बायकांनी सार्वजनिक भोजनगृहे उघडली. १२ मे १९८४ रोजी बार्न्सलीमध्ये हजारो स्त्रियांनी मोर्चा काढला आणि खाणबंदीविरोधी महिलांची चळवळ देशभर पसरली. ज्या बायकांना आजवर नवऱ्याचा डबा भरण्यापलीकडे खाणीच्या राजकारणात जागा नव्हती, त्या सभांत बोलू लागल्या, पैसा गोळा करायला परगावी गेल्या. कारखान्यांच्या फाटकांवर डबे फिरले, फ्रान्समधल्या कामगार संघटनेने मदत पाठवली, ब्रिटनमधल्या भारतीय कामगारांच्या संघटनांनीही साथ दिली. लंडनमधल्या समलिंगी स्त्रीपुरुषांनी तरुण मार्क ॲश्टनच्या पुढाकाराने गट काढला आणि दक्षिण वेल्समधल्या डुलाइस खोऱ्याला मदत पाठवायला सुरुवात केली. डिसेंबर १९८४ मध्ये कॅम्डनमध्ये झालेल्या त्यांच्या एका जलशातून पाच हजारांहून जास्त पौंड जमले. जून १९८५ मध्ये लंडनच्या प्राइड मोर्चात वेल्सचे खाणकामगार आपले बॅनर घेऊन अग्रभागी चालले, आणि त्याच वर्षी समलिंगींच्या हक्कांचा ठराव मजूर पक्षाच्या अधिवेशनात खाणकामगार युनियनच्या मतांच्या बळावर मंजूर झाला. मदत करणाऱ्याला काय मिळते, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सगळी मदत सारखी नसते, हेही याच संपाने दाखवले. १९८४ च्या ऑक्टोबरात युनियनचा एक अधिकारी लिबियाला जाऊन तिथला सत्ताधीश गडाफी याला भेटल्याचे उघड झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनमधल्या लिबियाच्या वकिलातीतून झालेल्या गोळीबारात एक महिला पोलीस मारली गेली होती. लोकांची सहानुभूती टिकवायची असेल तर पैसा कोणाचा घ्यायचा नाही, हेही ठरवावे लागते. त्याहून मोठी चूक आतली होती. राष्ट्रीय मतदान न घेताच संप पुढे नेला गेला, नॉटिंगहॅमशरच्या बहुसंख्य खाणी चालू राहिल्या, आणि न्यायालयाने युनियनचा निधीच जप्त केला. १८ जून १९८४ रोजी ऑरग्रीव्ह इथे घोडेस्वार पोलिसांनी निदर्शकांवर हल्ला केला. ९५ जणांवर दंगलीसारखे गंभीर गुन्हे दाखल झाले, पण न्यायालयात ते खटले टिकले नाहीत. या प्रकाराची वैधानिक चौकशी ब्रिटिश सरकारने जाहीर केली ती २०२५ मध्ये. संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहण्याचा एक भाग असाही असतो. खटले, कागदपत्रे, साक्षी यांचा पाठपुरावा संप संपल्यावर चाळीस वर्षे कुणाला तरी करावा लागतो.

मदतीने करार मिळवून दिल्याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण व्हर्जिनियातले आहे. पिटस्टन कंपनीने १९८८ मध्ये जुना करार संपताच सुमारे दीड हजार निवृत्त कामगार, विधवा आणि अपंगांचे आरोग्यविम्याचे संरक्षण काढून घेतले. कामगारांनी चौदा महिने कराराशिवाय काम करत बोलणी चालू ठेवली. मगच ५ एप्रिल १९८९ रोजी ते बाहेर पडले. हा संयम महत्त्वाचा ठरला, कारण आडमुठे कोण हे तोवर सगळ्यांना दिसले होते. काळ्या फुप्फुसांनी घरी बसलेल्या म्हाताऱ्याचे औषध काढून घेणे कोणत्याही चर्चला, शाळेला, किराणा दुकानदाराला पटण्यासारखे नव्हते. कामगार आणि त्यांची कुटुंबे लष्करी छापाचे हिरवे-करडे कपडे घालू लागली. कॅम्प सॉलिडॅरिटी नावाच्या छावणीत देशभरातून हजारो माणसे येऊन राहून गेली. एप्रिलमध्येच बायकांच्या एका तुकडीने कंपनीच्या कार्यालयात ठिय्या दिला. आपले नाव विचारणाऱ्याला त्या, जुन्या काळच्या लढाऊ कामगार पुढारी मदर जोन्स यांची आठवण जागवत, फक्त मदर जोन्सच्या लेकी एवढेच सांगत. सप्टेंबरमध्ये ९८ खाणकामगार आणि एक धर्मगुरू यांनी मॉस ३ हा कोळसा धुण्याचा कारखाना तीन दिवस शांतपणे ताब्यात ठेवला. बाहेर हजारो लोक उभे होते, त्यामुळे पोलिसांना आत घुसता आले नाही.

निर्णायक गोष्ट वेगळीच होती. १९८९ च्या उन्हाळ्यात अकरा राज्यांतले सुमारे ४० हजार खाणकामगार पिटस्टनच्या कामगारांसाठी स्वतःहून काम बंद करून बसले. त्यांच्या स्वतःच्या करारात काही बिघडले नव्हते. न्यायाधीशांनी युनियनला ६ कोटी ४० लाख डॉलरचे दंड ठोठावले होते. त्यातले ५ कोटी २० लाख डॉलरचे दंड १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. अखेर कामगारमंत्री एलिझाबेथ डोल स्वतः व्हर्जिनियाला जाऊन आल्या, मध्यस्थ नेमला गेला, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये करार झाला. निवृत्तांचा विमा परत मिळाला. १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने कोळसा उद्योगातल्या निवृत्तांच्या आरोग्यासाठी कायदा केला, त्याचे मूळ या संपात आहे.

पिटस्टन आणि ब्रुकवूड या दोन संपांची युनियन एकच. मदतीची आस्थाही सारखीच. फरक असा की १९८९ मध्ये देशातल्या कोळसा खाणींत युनियन बरीच भक्कम होती, २०२१ पर्यंत ती फार आकसली होती. पिटस्टनला दुसऱ्या कामगारांनी स्वतःचे काम थांबवून साथ दिली, ब्रुकवूडला लोकांनी धान्य आणि पैसा दिला. यात ब्रुकवूडच्या मदतनिसांचा काही दोष नाही. पण आपण पुढच्या वेळी मदत करताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

कॅलिफोर्नियातल्या बोरॉन गावात २०१० मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीने पाचशेहून अधिक खाणकामगारांवर टाळेबंदी लादली. तिथले कामगार गोदी कामगारांच्या युनियनचे सभासद असल्याने लॉस एंजेलिसहून ट्रकच्या ताफ्याने धान्य गेले आणि जगभरातल्या बंदरांतून कंपनीवर दबाव आला. साडेतीन महिन्यांत तडजोड झाली. दक्षिण आफ्रिकेत मारिकानाला मात्र १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांनी एकाच दिवशी ३४ प्लॅटिनम खाणकामगार मारले. महिना १२,५०० रँड मिळावेत एवढी त्यांची मागणी होती. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, प्लॅटिनम पट्ट्यातले सुमारे ७० हजार कामगार पाच महिने संपावर राहिले. त्या वेळी भूकंप आणि पुरात धावून जाणाऱ्या सेवाभावी संस्थेला खाणकामगारांच्या वस्त्यांत अन्न वाटावे लागले.

आपल्या देशाकडे वळताना गडचिरोलीच्या पलीकडे, छत्तीसगडमधल्या दल्ली राजहराला आधी जावे लागते. भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या या खाणींत कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यात मोठी दरी होती. १९७७ मध्ये प्रस्थापित युनियनांनी केलेला करार कंत्राटी कामगारांनी नाकारला आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. २ आणि ३ जून १९७७ रोजी झालेल्या गोळीबारात अकरा जण मेले. या युनियनने मदतीचा अर्थच बदलला. बाहेरून मागण्यापेक्षा तिने कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून आपली रसद आपणच उभी केली. दारूबंदीची मोहीम चालवली, कारण दारूच्या दुकानात गेलेला पगार संपाच्या काळात उपयोगी पडत नाही. १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उघडले. बाहेरून आलेले डॉक्टर तिथे कामगारांचे सोबती म्हणून राबले. गांधीजींच्या स्वावलंबनाच्या अटीला खाणीच्या गावात मिळालेले हे सर्वांत खरे उत्तर आहे. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. रुग्णालय त्यांच्यानंतरही चालू राहिले.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. डॉ. दत्ता सामंत कामगार चळवळीत आले ते घाटकोपरच्या दगडखाणींतून. १९६० च्या दशकात तिथे दवाखाना चालवताना खाणमजुरांच्या जखमा बांधता बांधता ते त्यांच्या मजुरीपर्यंत पोहोचले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यांच्या मागे गेले, तेव्हा मुख्य रसद कोकणातून आणि घाटावरून आली. ज्याच्या गावी थोडीफार शेती होती तो गावी जाऊन तग धरू शकला, ज्याला गावच उरले नव्हते तो आधी मोडला. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मान्यताप्राप्त युनियन कोणती हे ठरवणारा कायदा कामगारांच्या मतापेक्षा वरचढ ठरला. ब्रुकवूडचा १००६ विरुद्ध ४५ हा आकडा वाचताना मला गिरणगाव आठवते ते यामुळेच. आपल्याकडे असे मतदान घ्यायची सोयच नव्हती.

आणखी एक गोष्ट वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. आपल्या देशात बेकायदा ठरलेल्या संपाला जाणूनबुजून पैशाची मदत करणे हा गुन्हा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हा गुन्हा कायम आहे. दुसरीकडे संप बेकायदा ठरण्याच्या वाटा वाढल्या आहेत. आता प्रत्येक आस्थापनेत संपाआधी किमान चौदा दिवसांची नोटीस हवी, सलोख्याची बोलणी चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप मानला जातो. म्हणजे लडलोत तंबू पेटवून किंवा ब्रिटनमध्ये भत्ता कापून जे साधले गेले, ते आपल्याकडे कायद्याच्या एका कलमात आहे. म्हणून मदत करणाऱ्याने नोटीस दिली आहे का, मुदत उलटली आहे का, हे आधी विचारून घ्यावे. संप कायदेशीर असेल तर कामगारांच्या मुलांच्या शाळेची फी भरणे, आजाऱ्याला औषध देणे, धान्य पोहोचवणे याला घाबरायचे मात्र कारण नाही. मदतीला गुन्हा ठरवणारी ही तरतूद मला अन्यायाची वाटते आणि ती जावी यासाठी बोलत राहिले पाहिजे.

आपल्या कोळसा खाणींत कराराची व्यवस्था आहे, आणि ती कष्टाने मिळवलेली आहे. खाणींच्या राष्ट्रीयीकरणानंतर युनियन आणि कंपन्या यांच्या संयुक्त समितीत राष्ट्रीय कोळसा वेतन करार होऊ लागले. मे २०२३ मध्ये सही झालेल्या अकराव्या करारात १९ टक्के किमान हमीवाढ मिळाली. तो १ जुलै २०२१ पासून लागू झाला आणि त्याची मुदत ३० जून २०२६ पर्यंत ठरली. जानेवारी २०१५ मध्ये आणि जुलै २०२० मध्ये देशभरचे कोळसा कामगार संपावर गेले तेव्हा निरनिराळ्या रंगांच्या युनियन एकत्र आल्या होत्या. कायम कामगाराच्या मागे एवढी ताकद आहे.

पण नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड म्हणजे वेकोलि या सरकारी कंपनीच्या उघड्या खाणींवर गेलात तर कोळशावरची माती आणि दगड हटवण्याचे काम, डंपर चालवणे, वाहतूक हे बरेचसे ठेकेदाराकडे दिलेले दिसेल. ते काम करणारा माणूस त्याच धुळीत, त्याच पाळीत राबतो, पण राष्ट्रीय वेतन करार त्याला लागू नाही. कंत्राटी कामगारांसाठी कोळसा उद्योगात वेगळे वेतनदर ठरलेले आहेत. ते प्रत्यक्ष हातात पडतात का, हाच तिथला नेहमीचा झगडा. दल्ली राजहराला १९७७ मध्ये जी दरी होती ती हीच.

तेव्हा विदर्भातल्या वाचकांना, विशेषतः नागपूर आणि चंद्रपूरच्या वकील, डॉक्टर, शिक्षक आणि पत्रकार मित्रांना माझे सांगणे आहे. वणी, बल्लारपूर किंवा उमरेडच्या खाणीवर कंत्राटी कामगार फाटकाशी बसल्याची बातमी आली तर पहिल्याच आठवड्यात तिथे जा. त्यांची वेतनचिठ्ठी मागून पाहा, ठेकेदाराने ठरलेला दर दिला का ते तपासा, आणि दिला नसेल तर वृत्तपत्रात आकड्यांसह लिहा, कामगार आयुक्तांकडे तक्रार नोंदवायला त्यांच्यासोबत जा. धान्याची गोणी जरूर न्या. पण त्याच खाणीतल्या कायम कामगारांना आणि त्यांच्या युनियनांना भेटून, तुम्ही या लोकांसाठी एक पाळी थांबणार का, हे विचारल्याशिवाय परत येऊ नका.